तंबाखू ‘सौम्य’ लागते, म्हणजे नेमके काय?

अमरावतीहून अकोल्याकडे निघाले की वाटेत बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी गावे येतात. प्रत्येक थांब्यावर चहाची टपरी असते आणि तिच्या शेजारी पानठेला. या ठेल्यांवर पान खाणारे थोडे आणि खर्रा घेणारे अधिक. सुपारीची खांडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन ठेलेवाला ते मिश्रण हाताखाली घोटत असतो. गिऱ्हाईक सांगते, ‘‘भाऊ, हलकाच घोटजो.’’ शेजारच्याला मात्र कडक हवा असतो. दोघांनाही आपल्याला काय हवे ते पक्के ठाऊक असते.

आता एक दूरचे उदाहरण घेऊ. युरोप-अमेरिकेत पाइपमधून ओढण्याची तंबाखू डब्यांतून विकली जाते. ती सहसा एकाच जातीची नसते. तीन-चार प्रकारची पाने ठरावीक प्रमाणात मिसळून तिचे मिश्रण तयार करतात. ही मिश्रणे चाखून, हुंगून त्यांची प्रत ठरवणारे जाणकार तिकडे असतात आणि त्यांच्या बोलण्यात ‘माइल्ड’ म्हणजे ‘सौम्य’ हा शब्द वारंवार येतो. बडनेऱ्याच्या ठेल्यावरचा ‘हलका’ आणि डब्यावरचा ‘माइल्ड’ हे एकाच अर्थाचे शब्द आहेत.

प्रश्न असा, की हा सौम्यपणा मोजला कोणी, आणि कशाने? जिभेला सौम्य वाटणारी तंबाखू शरीरालाही सौम्य असते का? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला ठाऊक असणे गरजेचे आहे. २०१९ साली देशातील १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. तीत ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळली. महाराष्ट्रातील प्रौढांच्या २०१६-१७ मधील पाहणीत धूम्रपान करणारे ४ टक्क्यांहून कमी, तर तंबाखू तोंडात धरणारे किंवा चघळणारे सुमारे २४ टक्के निघाले. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न मुख्यतः तोंडातल्या तंबाखूचा आहे. आणि ‘हलकाच तर आहे’ हे वाक्य तंबाखूच्या वाटेवरची पहिली पायरी असते.

एक क्रियापद, दोन अर्थ

आपल्या भाषेत ‘लागणे’ हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. ‘संत्रे गोड लागते’, ‘कारले कडू लागते’ असे आपण म्हणतो. येथे लागणे म्हणजे चव कळणे. पण ‘त्याला तंबाखू लागली’ असेही आपण म्हणतो. तेव्हा त्याला तंबाखूची चव कळली असा अर्थ नसतो. त्याचे डोके गरगरले, घाम सुटला, मळमळले असा अर्थ असतो. पहिले लागणे तोंडात आणि नाकात घडते. दुसरे लागणे पदार्थ रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचल्यावर घडते.

‘सौम्य’ या शब्दाचा सारा घोटाळा या दोन लागण्यांची गल्लत केल्यामुळे होतो. जाणकार ज्याला सौम्य म्हणतो ते पहिल्या अर्थाने. ऐकणारा समजतो ते दुसऱ्या अर्थाने. ही दोन लागणी एकमेकांपासून कशी सुटी आहेत, ते आता क्रमाने पाहू.

पाइपच्या तंबाखूचा परीक्षक काय पाहतो?

पाइपच्या मिश्रणात सामान्यतः व्हर्जिनिया आणि बर्ली या दोन प्रकारांची पाने असतात. दोन्ही एकाच वनस्पतीची, म्हणजे निकोटियाना टॅबॅकमची. फरक वाणाचा आणि मुख्यतः पाने वाळवण्याच्या रीतीचा असतो. व्हर्जिनिया पाने बंद कोठीत गरम हवेवर काही दिवसांत वाळवतात. पानातल्या पिष्टाची साखर होते आणि ती जळून जाण्याआधीच पान वाळते. म्हणून हे पान पिवळे आणि गोडसर राहते. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकात या प्रकारची लागवड मोठी आहे. बर्लीची पाने मात्र हवेशीर छपराखाली कित्येक आठवडे टांगलेली असतात. तेवढ्या काळात जिवंत पेशी साखर संपवून टाकतात. पान तपकिरी होते आणि त्यात साखर जवळजवळ उरत नाही. पण हे पान वरून घातलेले पाक आणि सुगंध चांगले शोषते. पाने वाफवून, दाबून, गोड करून काळपट केली, की तिला कॅव्हेंडिश म्हणतात. काही मिश्रणांत लाकडाच्या धुरावर वाळवलेली लटाकिया नावाची पाने घालतात, तर काहींत व्हॅनिलाचा वास देतात.

परीक्षक आधी डबा हुंगतो, मग धुराचा वास घेतो, चव पाहतो. शेवटी जीभ किती चुरचुरली ते पाहतो. उष्ण, ओलसर धूर आणि त्यातले चुरचुरणारे घटक यांनी जीभ पोळल्यासारखी होते, त्याला पाइप ओढणारे ‘जीभ चावणे’ म्हणतात. वास मंद, चव गोडसर आणि जीभ न चावणारी असली, की मिश्रण सौम्य ठरते. काही परीक्षक ‘ताकद’ म्हणून वेगळा रकाना ठेवतात. पण तो भरतात डोके किती हलके झाले यावरून, म्हणजे स्वतःच्याच शरीरावरून. हे माप कितपत विश्वासाचे आहे, ते पुढे पाहूच.

चवीच्या तीन वाटा

आपण ज्याला ‘चव’ म्हणतो ती तीन वेगवेगळ्या वाटांनी मेंदूकडे जाते. पहिली वाट जिभेची. तिला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. यातली पाचवी चव जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेडा यांनी १९०८ साली ओळखली. (जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा जुन्या पुस्तकांत असे. तो चुकीचा आहे. सर्व चवी जिभेच्या सर्व चवकळ्यांच्या भागांत कळतात.) दुसरी वाट नाकाची. तोंडातल्या पदार्थाची वाफ घशामागून नाकात शिरते. तेथे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात आणि त्यांच्या जोडणीतून असंख्य वास ओळखले जातात. या ग्राहींची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधली. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरी वाट झोंबण्याची. मिरची, सुंठ, मोहरी, पुदिना यांचा जाळ किंवा गारवा ही चव नाही आणि वासही नाही. तो तोंडातल्या वेदना आणि तापमान सांगणाऱ्या चेतातंतूंचा निरोप असतो. मिरचीचा जाळ ओळखणारा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधला. त्यांच्या संशोधनाला २०२१ साली नोबेल मिळाले.

वर्गात हे सहज दाखवता येते. साखरेत वेलचीची पूड मिसळून एक वाटी तयार करा. दुसऱ्या वाटीत साखर आणि थोडी सुंठेची पूड घ्या. मुलांना डोळे मिटून, नाक चिमटीत धरून पहिल्या वाटीतली चिमूट जिभेवर ठेवायला सांगा. नुसते गोड लागेल. नाक सोडताच वेलची ‘उगवेल’. मग पाण्याने चूळ भरून दुसरी चिमूट. नाक बंद असूनही सुंठ झोंबेल. तीन वाटा वेगळ्या आहेत हे मुलांना व्याख्येशिवाय कळते.

आता तंबाखूकडे येऊ. निकोटिन स्वतः कडू असते आणि झोंबते. मोहरीची झणझण ज्या ग्राहीमुळे कळते त्यालाच निकोटिनही चेतवते, असे २००९ साली दाखवण्यात आले. मग सुगंधी तंबाखू एवढी कडू-झणझणीत का लागत नाही? कारण साखर पहिल्या वाटेवर कडूपणा झाकते, अत्तर दुसऱ्या वाटेवर लक्ष वेधून घेते आणि मेंथॉलसारखा गारवा तिसऱ्या वाटेवरचा जाळ दाबतो. निकोटिन कमी झालेले नसते. त्याची वर्दी देणाऱ्या वाटा तेवढ्या अडवलेल्या असतात.

गोड लागणे आणि गोड असणे

‘लागणे’ म्हणजे ‘असणे’ नव्हे, हे समजायला वरुड-मोर्शीच्या संत्र्यासारखे उदाहरण नाही. एक संत्रे गोड लागले आणि दुसरे आंबट लागले, तर पहिल्यात साखर जास्त आहे असे आपण धरून चालतो. पुष्कळदा दोघांत साखर सारखीच असते. पहिल्यात आम्ल कमी असते एवढेच. म्हणून फळांवर काम करणारे शास्त्रज्ञ केवळ जिभेवर विसंबत नाहीत. ते रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून त्यातले विरघळलेले घन पदार्थ मोजतात, आम्ल वेगळे मोजतात आणि मग दोन्हींचे गुणोत्तर काढतात. अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अशा संस्थेत किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात विनंती केल्यास हे छोटे उपकरण मुलांना पाहता येईल.

उपकरण नसले तरी चालेल. एक लिटर पाण्यात आठ चमचे साखर आणि अर्धे लिंबू पिळून सरबत करा. दुसऱ्या लिटरमध्ये तेवढीच साखर आणि दोन लिंबे. मुलांना प्रमाण सांगू नका. ‘साखर कशात जास्त आहे?’ एवढेच विचारा. बहुतेक हात पहिल्या सरबताकडे वर जातील. मग प्रमाण फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘जिभेने खोटे सांगितले का?’ जीभ खोटे बोलली नाही. तिला जे विचारले होते ते तिचे कामच नव्हते. ती साखर मोजत नाही. साखर आणि आम्ल यांचा मिळून परिणाम सांगते.

नवसागर, चुना आणि निकोटिन

आता दुसऱ्या ‘लागण्या’कडे, म्हणजे रक्तात शिरण्याकडे वळू. येथे कळीचा पदार्थ आहे चुना. खर्रा असो की तळहातावर मळलेली तंबाखू, चुना लागतोच. खाणाऱ्याला ठाऊक असते की चुन्यावाचून तंबाखू ‘चढत’ नाही. त्याचे कारण मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ते समजण्यासाठी तंबाखूला हात न लावता एक प्रयोग करता येतो. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, बशीत घ्या. हुंगून पाहा, वास जवळजवळ नाही. त्यात तेवढाच कोरडा विझवलेला चुना घालून काडीने घोटा. क्षणात नाकात झणझणणारा अमोनियाचा वास येईल. (बशी नाकाशी न धरता हाताने वारा घालून दुरून वास घ्यावा. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी शिक्षकांनी घ्यावी.) ओला तांबडा लिटमस कागद बशीवर धरला तर निळा होतो. हळदीचा ओला कागद लालसर होतो. झाले काय? अमोनिया हा सौम्य आम्लारी. तो आम्लाशी बांधला जाऊन क्षाराच्या रूपात शांत बसला होता. चुना हा त्याच्यापेक्षा प्रबळ आम्लारी. त्याने आम्ल स्वतःकडे ओढून घेतले आणि अमोनिया मोकळा झाला.

निकोटिनही अमोनियासारखेच सौम्य आम्लारी आहे. जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी १८२८ साली ते पानातून वेगळे काढले. ते झाडाच्या मुळांत तयार होते आणि पानांत साठते. पानात ते बहुतांशी सेंद्रिय आम्लांशी बांधलेले, म्हणजे क्षाराच्या रूपात असते. बांधलेल्या निकोटिनच्या कणावर विद्युतभार असतो. तोंडाच्या आतल्या अस्तरातील पेशींची आवरणे स्निग्ध असतात, त्यामुळे भार असलेला कण त्यांतून सहजी पार होत नाही. मोकळे निकोटिन मात्र सरळ पार होते.

किती निकोटिन मोकळे आणि किती बांधलेले, हे भोवतालच्या सामूवर अवलंबून असते. सामू ६ असेल तर जेमतेम १ टक्का निकोटिन मोकळे असते. सामू ७ असता सुमारे ९ टक्के, ८ असता निम्मे आणि ९ असता ९० टक्क्यांहून अधिक. चुना मिसळलेल्या तंबाखूचा सामू सहज ९ च्या वर जातो. म्हणजे तंबाखू तेवढीच राहिली आणि चुना वाढवला, तरी रक्तात जाणारे निकोटिन कितीतरी वाढते. ‘हलका’ खर्रा मागणाऱ्याने तंबाखूची चिमूट लहान करून घेतली पण चुना पुरेसा पडला, तर त्याच्या रक्ताला तो हलका राहीलच असे नाही. शिवाय खर्रा गालात बराच वेळ धरून ठेवतात. वेळ वाढला की मात्राही वाढली.

सौम्य धुराचा सापळा

हेच रसायनशास्त्र धुरालाही लागू आहे, फक्त उलट्या दिशेने. व्हर्जिनिया पानातली साखर जळताना आम्ले तयार होतात. म्हणून अशा पानांच्या सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो. त्यात मोकळे निकोटिन थोडे असल्याने तो घशाला कमी झोंबतो, म्हणजे सौम्य लागतो. पण झोंबत नाही म्हणूनच तो खोल छातीत ओढता येतो. फुफ्फुसातल्या वायुकोशांचा एकूण पृष्ठभाग काही दहा चौरस मीटर असतो आणि तेथील सामू सुमारे ७.४ असतो. तेथे निकोटिन झपाट्याने रक्तात उतरते आणि काही सेकंदांत मेंदूत पोहोचते.

पाइपचा धूर तुलनेने आम्लारीधर्मी असतो, विशेषतः साखर नसलेल्या बर्लीचा. त्यात मोकळे निकोटिन जास्त, म्हणून तो जीभ चावतो आणि ओढणारा तो सहसा छातीत घेत नाही. ‘आम्ही धूर गिळत नाही, फक्त तोंडात फिरवतो’ असे पाइप ओढणारे म्हणतात. पण मोकळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. मिश्रण करणारा गोड पाक आणि व्हॅनिला घालून चावणे कमी करतो, की डब्यावर ‘सौम्य’ लिहायला तो मोकळा.

थोडक्यात, सिगारेट सौम्य लागते म्हणून खोल जाते. पाइप तोंडातूनच काम करतो. खर्ऱ्यात चुना निकोटिन मोकळे करतो आणि सुपारी व सुगंध त्याची झणझण झाकतात. वाटा तीन, पण तिन्हींत जिभेवरच्या सौम्यपणावरून रक्तातल्या मात्रेचा अंदाज करता येत नाही.

परीक्षकाची परीक्षा

कोणी म्हणेल, सराईत माणसाला तरी नेमके कळत असेल. चाखण्याची परीक्षा कशी घ्यावी याचे शास्त्र आहे. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात चहाचे प्रसिद्ध उदाहरण दिले. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे चवीवरून ओळखते असे एक बाई म्हणतात. आठ कप करायचे, चारांत दूध आधी. क्रम सोडत काढून ठरवायचा आणि बाईंना तो कळू द्यायचा नाही. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १.

आजच्या अन्नपरीक्षणात याचेच सोपे रूप वापरतात, त्याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. प्रत्येकापुढे तीन पेले ठेवायचे. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. पेल्यांवर नावाऐवजी तीन आकडी खुणा असतात आणि मांडणीचा क्रम बदलता ठेवतात. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ३ त १ असते. वर्गात ३० मुले असतील तर १० मुले नशिबानेच बरोबर येतील. १५ किंवा त्याहून जास्त मुलांनी ओळखले, तरच फरक खरोखर कळतो असे म्हणायचे. सरबतात साखरेचा अर्धा चमचा कमी-जास्त करून ही चाचणी घेऊन पाहा. ‘मला लगेच कळते’ म्हणणाऱ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांची संख्या यांची तुलना मुलांना बरेच काही शिकवून जाते.

तंबाखूच्या परीक्षकाची आणखी एक अडचण आहे. जो मोजतो, त्यालाच मोजण्याचा पदार्थ बदलून टाकतो. नवख्याला चिमूटभर तंबाखू लागते. सवय झालेल्याला लागत नाही, कारण मेंदूतले निकोटिनचे ग्राही आणि शरीराचे प्रतिसाद नित्याच्या मात्रेशी जुळवून घेतात. रोज तंबाखू खाणाऱ्याने ‘ही अगदी सौम्य आहे’ असे सांगितले, तर ते त्या तंबाखूचे वर्णन नसते. त्याच्या सवयीचे असते. आणि त्याच्या सल्ल्यावरून पहिली चिमूट उचलणारा मुलगा मात्र नवखा असतो.

यंत्रही फसले

माणसाचा भरवसा नाही तर यंत्राने मोजावे, हेही करून झाले. अमेरिकेत १९६७ पासून सिगारेटचा धूर यंत्राने मोजू लागले. यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेई, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. कारखानदारांनी गाळणीला बारीक छिद्रे पाडली. यंत्राच्या झुरक्यात छिद्रांतून हवा मिसळे, आकडे खाली येत आणि पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे छापले जाई. माणसाची बोटे आणि ओठ मात्र ती छिद्रे झाकत. निकोटिन कमी पडले की माणूस झुरका मोठा आणि खोल घेई. निकोटिनची गरज शरीर ठरवत होते, पाकीट ठरवत नव्हते. शेवटी युरोपीय संघाने सप्टेंबर २००३ अखेर असे शब्द पाकिटांवरून हटवले. अमेरिकेत २०१० पासून ते बंद झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या अकराव्या कलमात ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ ही दिशाभूल करणाऱ्या शब्दांची उदाहरणे म्हणून नावानिशी दिली आहेत. भारताने हा करार २००४ साली स्वीकारला.

पानठेल्यावर मात्र शब्द तोंडी असतो. तेथे पाकीटही नसते आणि छापील इशाराही नसतो.

ज्याला चवच नाही

आतापर्यंत आपण निकोटिनविषयी बोललो. ते सवय लावते. पण कर्करोगाला मुख्यतः कारण होणारे घटक वेगळे आहेत. पाने वाळताना आणि आंबताना निकोटिन व त्याच्या भाईबंदांपासून नायट्रोसामाइन गटातील काही संयुगे तयार होतात. त्यांचे प्रमाण इतके सूक्ष्म असते, की जीभ, नाक आणि झोंबणे या तिन्ही वाटांपैकी एकीलाही त्यांचा पत्ता लागत नाही. सुगंध घातल्याने किंवा हलके घोटल्याने ती नाहीशी होत नाहीत.

शिवाय खर्ऱ्याचा मोठा भाग सुपारीचा असतो. सुपारी तंबाखूवाचूनही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. अशा तोंडात पुढे कर्करोग उद्भवू शकतो, हे मुंबईतील डॉ. पेमास्टर यांनी १९५६ सालीच नोंदले होते. ज्या मुलाला तोंडात स्वतःची तीन बोटे उभी घालता येत नाहीत, त्याला दंतवैद्याकडे न्यायला उशीर करू नये.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी घातली. २०१३ साली सुगंधी तंबाखू, खर्रा आणि मावा हेही तीत आले. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. कायदा आहे, तरी खर्रा मिळतो, हे आपण सगळे जाणतो. आपल्यापैकी काही शिक्षकांच्याही खिशात पुडी असते आणि मुलांना ती दिसते.

वर्गासाठी

‘तंबाखू वाईट आहे’ हे मुलांनी इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते ऐकू येईनासे होते. त्याऐवजी वरचे चार प्रयोग एका आठवड्यात करून घ्यावेत : नाक धरून वेलची-साखर, दोन सरबते, नवसागर-चुना आणि त्रिकोणी चाचणी. एकातही तंबाखू लागत नाही. शेवटच्या तासाला मुलांना एकच प्रश्न द्यावा : ‘एक मोठा मुलगा म्हणतो, हा खर्रा हलका आहे. हे त्याला कशावरून कळले?’ उत्तरे मुलांनाच लिहू द्यावीत.

त्यांतून एक गोष्ट पुढे येईल, ती शिक्षकाने अधोरेखित करावी. पहिल्यांदा तंबाखू ‘लागते’, डोके गरगरते, उलटी होते, ती शरीराने दिलेली धोक्याची सूचना असते. कडक तंबाखू ती सूचना मोठ्याने देते, म्हणून पुष्कळ मुले तेथेच थांबतात. सौम्य लागणारी तंबाखू तीच सूचना दाबून टाकते आणि मुलाला दुसऱ्या, तिसऱ्या चिमटीपर्यंत नेते. नवख्याच्या बाबतीत सौम्यपणा हा कमी धोका नव्हे, उलट तोच खरा धोका आहे.

ज्यांना सवय लागलेलीच आहे, मग ते विद्यार्थी असोत, पालक असोत की सहकारी, त्यांना उपदेशापेक्षा मदत हवी असते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी आहे. तो शाळेच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. फलक शक्यतो शिक्षक-कक्षाच्या दारापाशी असावा.